वाणात मागितलेला दंड

आमच्या साडूंच्या मेडिकलमध्ये जाऊन नुसतं औषध घेऊन परत आलेला म्हातारा मोताळा तालुक्यात अजून जन्माला यायचा आहे. धामणगाव बढेच्या बाजाराच्या रस्त्यावर त्यांचं दुकान. कोणी खोकल्याचं औषध मागो, कोणी गुडघ्याला चोळायचं तेल, साडू आधी त्याच्या डोक्याकडे बघतात. केस पांढरे दिसले की औषध हातातच धरून ठेवतात आणि विचारतात, "बाबाजी, औंदाची सुई झाली काय?" सुई म्हणजे फ्लूची लस. ती ते स्वतः टोचत नाहीत, टोचणारे डॉक्टर शेजारच्या गाळ्यात बसतात. म्हाताऱ्याला या गाळ्यातून त्या गाळ्यात पोचवायचं, एवढंच साडूंचं काम. पण हे चार पावलांचं अंतर कापायला काही जणांना दोन-दोन उन्हाळे लागले आहेत. एका काकांनी तर या जाचाला कंटाळून केसांना कलप लावला. कलपाची डबी त्यांनी साडूंच्याच दुकानातून नेली होती, त्यामुळे तोही उपाय फुकट गेला.

आता आमच्याकडच्या माणसाला सुईचं वावडं आहे असं कोणी समजू नये. उलट ताप आल्यावर ज्या डॉक्टरनं सुई दिली नाही, तो डॉक्टरच नव्हे, असं आमच्याकडे मानतात. अडचण एवढीच, की सुई बिमार माणसानं घ्यायची. धडधाकट माणसानं ती कशाला घ्यायची, हे कोणालाच पटत नाही. "मले काई झालं नाई, त सुई कायले?" असं कोणी विचारलं, की साडूंच्या चेहऱ्यावर जेवणाचं ताट समोर आल्यासारखा आनंद पसरतो. ते काउंटरवरून पुढे वाकतात. "पेरायच्या आधी सोयाबीनच्या बियाले दवा लावता ना? तवा बी बिमार असते काय?" समोरचा गप्प होतो, कारण आमच्याकडे देवाबद्दल वाद घालता येतो, बियाण्याबद्दल नाही. मग तो विचारतो, "पन मांगच्या साली घेतली होती ना बाप्पा?" त्यालाही उत्तर तयार असतं. "हा ताप दरसाल नवा सदरा घालून येते. जुन्या सुईले तो वयखूच येत नाई!" एक मात्र खरं, साडू थापा मारत नाहीत. सुई घेतली की सर्दी होणारच नाही, असं ते कधी म्हणत नाहीत. दवाखान्यात खाटेवर पडायची पाळी कमी येते, एवढंच सांगतात.

त्यांच्या दुकानातला फ्रिज हा एक स्वतंत्र विषय आहे. वैशाखात अंगाची काहिली होत असताना माणूस दुकानात शिरतो, फ्रिज बघतो आणि घोटभर थंड पाणी मागतो. साडू त्याला माठातलं पाणी देतात. त्या फ्रिजात लस असते आणि लसीशेजारी पाण्याची बाटली ठेवणं त्यांच्या लेखी देव्हाऱ्यात चप्पल ठेवण्यासारखं आहे. इन्व्हर्टरसुद्धा घरी नाही, दुकानात आहे, आणि तोही फक्त फ्रिजसाठी. एकदा लाइट गेली तेव्हा आमच्या मेहुणीबाई पदरानं वारा घेत म्हणाल्या, "त मी बी तुमच्या फ्रिजात जाऊन बसू काय?" साडूंनी गंभीरपणे सांगितलं, "दार उघडं राह्यते ना मंग."

स्थळकाळाचं भान हा गुण त्यांना देवानं दिलेलाच नाही. लग्नात मंगलाष्टकं चालू असताना ते अक्षता हातात धरून मांडवातली पांढरी डोकी हेरत असतात. एका तेरवीच्या पंगतीत त्यांनी गेलेल्या म्हाताऱ्याच्या मुलाला हळूच विचारलं, "बुढीची सुई झाली काय?" लोकांनी त्यांना जवळजवळ पंगतीतून उठवलं होतं. पण पुढच्या बाजारी ती म्हातारी आपण होऊन दुकानात आली आणि म्हणाली, "तेरवीत माही आठोन तूच ठेवली बाबू."

असा सारा तालुका पालथा घालणारा हा माणूस एकाच ठिकाणी हरला होता. ते ठिकाण म्हणजे आमचे दोघांचे सासरे, मामाजी. रोहिणखेडच्या अलीकडे त्यांचं शेत आणि घर. दमा जुना. आदल्या पावसाळ्यात साधा ताप म्हणून सुरू झालेलं दुखणं छातीत उतरलं आणि त्यांना खामगावच्या दवाखान्यात नाकाला नळी लावून ठेवावं लागलं. मी खामगावातच मास्तर, त्यामुळे डबा पोचवायला जायचो. तेव्हा साडू खाटेजवळ उभे असायचे. बडबड नाही की चौकशी नाही, नुसते मामाजींच्या छातीकडे बघत. हा माणूस गप्पही बसू शकतो, हे मला तिथं कळलं आणि मी घाबरलो.

तरीही बरे झाल्यावर मामाजींनी सुईला साफ नकार दिला. "लेकीच्या घरचं मी पानी पेत नाई, अन् जवायाच्या दुकानातली सुई घिऊ? पाप कायले चढवता?" विकत घ्या म्हणावं, तर जावयाशी देण्याघेण्याचा व्यवहार करणं हेही पाप. दुसऱ्या दुकानातून घ्या म्हणावं, तर जावयाचं दुकान असताना दुसरीकडे जाणं हा जावयाचा अपमान. साडूंनी शेवटी बियाण्याचं अस्त्र काढलं. मामाजी हसले. "मी आता बी नाई जवाईबापू, कुटार झालो. कुटाराले कोनी दवा लावते काय?" कुटार म्हणजे मळणीनंतर उरतो तो भुसा. अखजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, गेली, पेरण्या झाल्या, पाऊस लागला. आभाळ भरून आलं की साडू त्याच्याकडे चिंतेनं बघायचे.

आणि त्या साली धोंड्याचा महिना आला. अधिक महिन्यात जावई म्हणजे साक्षात विष्णू. त्याला पुरणाचे धोंडे जेवू घालायचे आणि वाण द्यायचं. आम्हा दोघांना आवतन आलं. साडू थर्मासमध्ये बर्फ, बर्फाला टेकू न देता ठेवलेली लस आणि पाहुणे म्हणून डॉक्टर घेऊन आले. मी पहिला धोंडा तुपात बुडवला, पण साडू ताटाला हात लावीनात. सासूबाई घाबरल्या. "काय कमी पडलं बाप्पा?"

"मले अनारशाचं वाण नको," साडू म्हणाले. "मले मामाजीचा दंड पाह्यजे."

मामाजींचा चेहरा उतरला. "कायचा दंड? काय गुन्हा केला म्या? काई चुकलं असन त चार लोकाइत सांगा, भरतो."

"तसा दंड नाई हो मामाजी!" साडूंनी स्वतःची बाही वर करून दंडावर बोट ठेवलं. "हा, हा हाताचा! मी देऊन नाई राह्यलो काई, मागून राह्यलो. धोंड्याच्या महिन्यात जवायाले नाई म्हनाल काय?"

मामाजींनी वाणाचं ताट बाजूला सरकवलं. मग त्यांनी सदऱ्याची बाही सारली. डॉक्टरांचं काम होताच साडूंनी ताटातले सगळे धोंडे संपवले आणि माझ्या ताटातला एक उचलला.

पण सुई दरसाल घ्यावी लागते आणि धोंड्याचा महिना तीन वर्षांनी एकदा येतो. हा हिशेब साडूंना पुढच्या अखजीपासून जाळू लागला. "आता कोन्या तोंडानं मागू, साळभाऊ?" ते मला फोनवर विचारत. आणि पेरणीच्या आधी एक दिवस सासूबाईंचाच फोन आला, की दोघं जेवायला या. धोंडे केलेत.

मी म्हटलं, "औंदा अधिक नाही, आत्या."

"तुमचे मामाजी म्हंते, हाये," त्या म्हणाल्या. "अन् त्या डॉक्टरले बी आना म्हना."

आम्ही पोचलो तेव्हा मामाजी ओसरीवर बाही सारून बसलेले होते. वर्षभरात फार वाळले होते; बाही न सारता आपोआप वर गेली असती. "घ्या जवाईबापू, तुमचा दंड," ते म्हणाले. "लावा कुटाराले दवा."

डॉक्टरांनी सुई दिली आणि साडूंनी कापसाच्या बोळ्यावर अंगठा ठेवला. रक्त कधीच थांबलं होतं. आत सासूबाईंनी ताटं वाढली, हाक मारली, पुन्हा मारली.

"झालं ना? सोडा आता," मामाजी म्हणाले.

"थांबा थोडं मामाजी," साडू म्हणाले, आणि तो वाळलेला दंड दोन्ही हातांत धरून बसून राहिले.