एका खुर्चीचा सौदा

त्या रेस्टॉरंटवाल्याने मला फसवलं, आणि माझ्या हातून एका म्हातारीला फसवलं. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे माझा आवाज चढेल आणि मुद्दा राहून जाईल.

ऐंशीचं दशक निम्मं सरलं होतं. ऑरेगनमधल्या एका खोऱ्यात माझी एक व्हॅन होती. शेतांवरून भाजी-फळं उचलायची आणि हॉटेलांना पोचवायची, हा धंदा. बायकोच्या भावाने कागदपत्रं करून आम्हाला अमेरिकेत बोलावलं आणि मला एका कारखान्यात चिकटवलं. तीन महिन्यांत फोरमनशी भांडून मी बाहेर पडलो. आसपासचे मराठी लोक सगळे डिग्रीवाले. गणपतीला भेटले की विचारायचे, "तुम्ही नक्की कशात आहात?" मी म्हणायचो, "कोबीत." त्यांना वाटायचं चेष्टा करतोय.

धंदा मी शिकलो मुंबईच्या फळबाजारात, आंब्याच्या गाळ्यावर. तिथे भाव तोंडाने बोलत नसत. दोघांच्या हातांवर रुमाल टाकायचा आणि खाली बोटं दाबून भाव सांगायचा. बाजूला उभ्या असलेल्याला काही कळायचं नाही. सौदा झाला की झाला, कागद नाही, सही नाही. शब्द फिरवणाऱ्याच्या रुमालाखाली दुसऱ्या दिवशी कुणी हात घालत नसे. त्या भीतीवर सगळा बाजार चालायचा.

तर हा रेस्टॉरंटवाला. युरोपात फिरून आला होता आणि डोक्यात खूळ घेऊन आला होता. शरद ऋतूत एकच मोठं जेवण करायचं. रानात मोकळं फिरून ओकची फळं खाल्लेल्या डुकराचं मांस, आणि त्याच रानात जमिनीखालून काढलेले ट्रफल. ट्रफल म्हणजे मातीच्या आत वाढणारी अळंबी, दिसायला लहान बटाट्यासारखी. "असं डुक्कर शोधून दे," तो मला म्हणाला. त्या वेळी आमच्या खोऱ्यात जो तो डुकरं शेडमध्ये कोंडून वाढवत होता. मी तीन आठवडे व्हॅन फिरवली.

शेवटी एका टेकडीवर ही म्हातारी सापडली. एकटी राहायची. ओकचं रान, त्यात पंधरा-वीस डुकरं मोकळी, आणि उतारावरच्या फरच्या झाडांखाली ट्रफलही. मी मनात म्हटलं, लॉटरी लागली. तिने दारातच सांगितलं, "हॉटेलवाल्यांना मी विकत नाही. माझी डुकरं नेतात आणि त्यांच्यावर स्वतःचं नाव लावतात."

मी म्हटलं, "मग तुला काय हवं?"

तिने विचार केला. "मेनूकार्डावर लिहायचं की डुकरं माझ्या टेकडीवरची आहेत. आणि त्या जेवणाला मला खुर्ची हवी. आयुष्यभर डुकरं वाढवली, पण टेबलाशी बसून, दुसऱ्याने ताटात वाढलेली कधी खाल्ली नाहीत."

मी शहरात जाऊन रेस्टॉरंटवाल्याला विचारलं. "अरे, अर्थात! पहिल्या रांगेत बसवू," तो म्हणाला आणि माझा हात हातात घेऊन जोरात हलवला. मी तो हात सौद्याचा हात समजलो. माझी चूक तिथे झाली, आणि ती फक्त आमच्या बाजारात वाढलेला माणूसच करू शकतो.

परत टेकडीवर गेलो. भावाची बोलणी म्हातारीच्या स्वयंपाकघरात झाली, तिच्याच भांडी पुसायच्या फडक्याखाली. "हे काय, जादू?" ती म्हणाली. मी बोटांचा हिशेब समजावला. दोन मिनिटांत शिकली आणि तिसऱ्या मिनिटाला मला लुटायला लागली.

"तुझी बोटं गार पडली रे," ती म्हणाली.

"भाव ऐकून पडली."

ती इतकी हसली की फडकं खाली पडलं. मग फडकं पुन्हा हातांवर टाकून तिने एक बोट मागे घेतलं. "हे एक बोट मी खुर्चीसाठी सोडतेय. लक्षात ठेव." मी म्हटलं, "ठेवलं."

रेस्टॉरंटवाल्याला घाई. तो दोन माणसं आणि दाताळी पाठवून ट्रफल खणून घ्यायला निघाला होता. म्हातारी म्हणाली, दाताळ्याने कच्चं-पिकं सगळं वर येतं आणि कच्च्याला वास नसतो. मला लगेच पटलं, कोवळा उतरवलेला आंबा मी हजारदा पाहिला होता. तिने एक जुनी डुकरीण दोरीला बांधून आणली. डुकरीण जिथे नाक खुपसेल तिथेच उकरायचं. दोन दिवस मी त्या डुकरिणीच्या मागे चिखलात गुडघ्यांवर फिरलो. निघालेला माल घरी आणून तांदळाच्या डब्यात ठेवला.

बायको म्हणाली, "अहो, तांदळाला रॉकेलचा वास येतोय."

"तो वास नाही, आपली दिवाळी आहे."

"मग दिवाळीला तो भात तुम्हीच खा."

जेवण नोव्हेंबरातल्या एका रविवारी संध्याकाळी होतं. म्हातारीला मी व्हॅनमधून घेऊन गेलो. तिने निळा कोट घातला होता आणि नखांतली माती ब्रशने घासून काढली होती. दार उघडलं तर मांस आणि लोण्याचा वास, आणि त्यावर तो ट्रफलचा. म्हातारीने नाक वर केलं. "वास बरोबर आलाय," ती म्हणाली.

दाराशी कार्डं ठेवली होती. मी एक उचललं. त्यावर छापलं होतं, 'आमच्या स्वतःच्या रानातून'. टेकडीचा उल्लेख नाही, तिचा नाही. आत सगळ्या खुर्च्या भरलेल्या.

रेस्टॉरंटवाला हात पसरून आला. "आज जागाच उरली नाही बघ. किचनमध्ये प्लेट देतो ना दोघांना. खरी मजा किचनमध्येच असते."

"तू शब्द दिला होतास."

"कुठे लिहिलंय?"

"हात दिला होतास!"

"मी सगळ्यांनाच हात देतो," तो म्हणाला. खरंच गोंधळला होता तो. तेच जास्त झोंबलं.

मग माझा तोल गेला. मी हॉलच्या मधोमध जाऊन इंग्रजीत सुरुवात केली. इंग्रजी संपल्यावर मराठीत त्याच्या सात पिढ्यांपर्यंत पोचलो. कोपऱ्यातल्या टेबलाला वाटलं कार्यक्रमाचाच भाग आहे. त्यांनी टाळ्या वाजवल्या. म्हातारीने माझी बाही ओढली. "चल. डुकरांना खायला घालायचंय." परतताना मी माफी मागितली. तिने नुसती मान हलवली.

त्यानंतर मी खोऱ्यातल्या प्रत्येक शेतकऱ्याकडे गेलो आणि सांगितलं, याला माल देऊ नका. बाजारात एवढं पुरेसं असतं. इथे त्यांनी मला कॉफी पाजली आणि माल देत राहिले. तो भाव चांगला देत होता आणि वेळेवर देत होता. त्याच्या हातात हात द्यायचं कुणी थांबवलं नाही.

पुढच्या शरदात मी टेकडीवर गेलो. रुमाल खिशात होता. म्हातारीने टेबलावर कागद आणि पेन ठेवलं. "या वेळी लिहून," ती म्हणाली. रागाने नाही. मी लिहिलं, सही केली. मराठी मंडळींतला एक वकील म्हणाला, "शेवटी शहाणे झालात." त्याला काय सांगू? अख्ख्या बाजारात ज्याच्या नुसत्या शब्दावर आंब्याच्या पेट्या सुटायच्या, त्याच्याकडून तिने सही मागितली होती, आणि तिचं बरोबर होतं.

म्हातारी आता नाही. तो रेस्टॉरंटवाला आहे. समुद्रकिनाऱ्यावर घर बांधून राहतो. रानातलं डुक्कर या खोऱ्यात आपणच पहिल्यांदा ताटात आणलं, असं येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतो. जागा कमी पडली असेल, मान्य. पण कार्ड तर आठवडाभर आधी छापलं गेलं होतं. तेव्हा कुणाची गर्दी होती? ते रान तुझं कधी झालं? मला पत्र नको, वकील नको. माझ्यासमोर उभा राहा आणि तोंडाने उत्तर दे.