आजी गेल्या की पत्र

"आई गेली की देतो पत्र," काका म्हणाले, आणि फोनवरचा त्यांचा मुलगा हसला.

मी त्यांच्या आईचं अंग पुसत होते. काकांनी फोन माझ्याकडे वळवला. "बघ रे, आपल्या वॉचमनची पोरगी. जर्मनीला निघालीय म्हणे."

कॅनडातून मुलगा म्हणाला, "मग आजीचं कोण करणार?"

तू का गेलास, हे त्याला कोणीच विचारलं नव्हतं. उलट सोसायटीने सत्कार केला. शाल, नारळ, गेटवर बॅनर. त्या कार्यक्रमाच्या खुर्च्या माझ्या बापाने पुसल्या. तो गेला तेव्हा प्रगती झाली. मी निघाले तर आजीचं कोण करणार!

मी नर्स आहे. शिकलेली, रजिस्टर्ड. सरकारी भरतीला दोनदा बसले. एकदा पेपर फुटला, एकदा भरतीच रद्द झाली. मग कंत्राटावर लागले. दर अकरा महिन्यांनी नोकरी संपते आणि पुन्हा कोणाच्या तरी केबिनबाहेर उभं राहायचं. मी शाळेत असतानाच बाबांची डोंबिवलीतली कंपनी बंद पडली, म्हणून ते ठाण्याच्या नौपाड्यातल्या या बिल्डिंगचे वॉचमन झाले. राहायला जिन्याखालची खोली मिळाली.

ड्युटी सांभाळून जर्मन शिकले. तिकडच्या हॉस्पिटलने निवडलं. पासपोर्ट तेवढा राहिला होता. आधारवर डोंबिवलीच्या चाळीचा पत्ता, आणि ती चाळ कधीच पाडलेली. काका सोसायटीचे चेअरमन. आम्ही इथे राहतो असं पत्र त्यांनी दिलं, तरच आम्ही इथे राहत होतो.

आमच्याकडे सहीची रीत ठरलेली होती. माझ्या शाळेसाठी काकांची सही हवी असली, की आई त्यांची दिवाळीची साफसफाई फुकट करायची. आम्हाला त्यात वावगं वाटायचं नाही. मीही तशीच पत्रासाठी वर गेले. ड्युटी संपली की त्याच युनिफॉर्ममध्ये चौथ्या मजल्यापर्यंत जिना चढायचा, कारण लिफ्ट कामवाल्यांना बंद. आजींना आंघोळ घालायची, भरवायचं, चादर बदलायची. तीन महिने केलं.

एका संध्याकाळी आजींना ताप चढला. मी मनगट धरलं. नाडी अगदी बारीक लागत होती.

आणि माझ्या मनात आलं, थांबू दे.

हे मी लपवणार नाही. डॉक्टरांना फोन करायचा होता, मी केला नाही. बसून राहिले. किती वेळ, मला माहीत नाही. आजींनी डोळे उघडले. "पाणी दे गं बाळा."

तेव्हा उठले. पाणी दिलं, डॉक्टरांना बोलावलं. आजी वाचल्या. माझी मला किळस आली होती.

निघताना दारात म्हटलं, "काका, उद्यापासून मी येणार नाही."

"मग पत्र विसर. आणि बापाला सांग, खोली रिकामी कर." वर म्हणाले, "तिकडे जाऊन म्हाताऱ्यांची घाणच काढणार ना? मग इथे काढायला काय होतं?"

"इथे मी तुमच्या आईच्या मरणाची वाट बघत होते, काका. तुम्हीच बघायला लावलीत."

त्यांनी दार लावून घेतलं.

आता आम्ही ठाकुर्लीला भाड्याने राहतो. बाबांची नोकरी गेली, ते माझ्याशी बोलत नाहीत. आई म्हणते, "थोडेच दिवस राहिले होते गं, काढले असतेस." जर्मनीच्या हॉस्पिटलने दुसरी मुलगी घेतली. आजी अजून आहेत, असं ऐकते.

मी पुन्हा अर्ज केलाय. भाड्याच्या करारावर माझं नाव आहे, पासपोर्ट त्यावर काढीन. वर्ष लागलं तर वर्ष लावीन. या देशात माझ्यावाचून कोणाचं अडतं, हे आता मला ऐकायचं नाही. मी जाणार आहे, आणि त्यासाठी कोणाच्या मरणाची वाट बघणार नाही.