पंखावरचं कुंकू

विमानाचा पंख कितपत कलला की हवेवरची पकड सोडतो, हा माझा पीएचडीचा विषय. आमच्या कॉलेजच्या विंड टनेलसमोर, म्हणजे मोठ्या पंख्याने वारा सोडणाऱ्या बोगद्यासमोर, त्यापायी माझी सहा वर्षं गेली. बिबवेवाडीतल्या शेजारणी विचारत, अजून शिकतेच आहेस का गं? काय कपाळ सांगणार त्यांना!

पंखाचं पितळी मॉडेल वर्कशॉपमधल्या चाचांनी घडवलं होतं. कसबा पेठेत त्यांच्या घरी पिढ्यान् पिढ्या धातूकाम चालायचं. मॉडेलवर सुईच्या टोकाएवढी छत्तीस भोकं होती, त्यांतून हवेचा दाब मोजायचा. खंडेनवमीला लॅबमध्ये यंत्रांची पूजा होई. चाचा आदल्या दिवशी भोकांवर चिकटपट्टी लावत आणि पूजा झाली की काढत. मी ते दरवर्षी बघत होते, पण कशासाठी ते कधी विचारलं नाही. शिकलेली ना मी!

शेवटच्या वर्षी चाचा डोळ्याच्या ऑपरेशनसाठी रजेवर होते. पूजा मी केली आणि पंखावर ओलं कुंकू चांगलं बोट भरून ओढलं.

दुसऱ्या आठवड्यापासून आकडे वेड्यासारखे यायला लागले. मी दाब मोजायच्या नळ्या बदलल्या, टनेलचा पंखा उघडवला, माझं गणित चार वेळा तपासलं. डिसेंबरअखेर माझी नोंदणी संपत होती. माझे गाईड सर थंडपणे म्हणाले, हवा तीच आहे, तेव्हा तुमचंच काहीतरी बिघडलंय. मी बाथरूममध्ये नळ सोडून रडायचे. सहा वर्षं मातीत जाणार, एवढंच दिसत होतं.

डिसेंबरच्या मध्यावर चाचा कामावर आले. मॉडेलवर वाकून त्यांनी विचारलं, चिकटपट्टी कुणी लावली होती? कुणीच नाही, मी म्हटलं. बारीक तार घालून चाचांनी एकेक भोक साफ केलं. कागदावर लाल भुकटी पडत राहिली.

दोन महिन्यांचं काम फुकट गेलं होतं. मुदतवाढ मिळायची तर चूक माझी नाही, असं लिहून द्यावं लागणार होतं. मी अर्ज पुढ्यात घेऊन नुसतीच बसले होते.

"माझं नाव लिहा," चाचा म्हणाले. "चार महिन्यांनी मी रिटायर होतोय. माझं काय वाकडं होणार आहे?"

नाही म्हणायला हवं होतं. मी लिहिलं. वर्कशॉप कर्मचाऱ्याच्या निष्काळजीपणामुळे भोकांत कुंकू गेले, असं स्वच्छ अक्षरात लिहिलं. चाचांचा रजेचा अर्ज त्याच ऑफिसात होता. तरी मुदतवाढ देणाऱ्या समितीतल्या एकानेही विचारलं नाही की पूजेच्या दिवशी हा माणूस इथे होता तरी का. मला सहा महिने मिळाले.

चाचांना मेमो मिळाला, सगळ्या नोकरीतला पहिला. माझ्यासमोरच त्यांनी त्यावर सही केली, कागद शिपायाला परत दिला आणि मला विचारलं, "आता आकडे बरोबर येतात ना?"

मी म्हटलं, हो चाचा, अगदी बरोबर येतात.