छापू नये

बाई आमच्या छापखान्यात मूळप्रत वाचायच्या. म्हणजे त्यांनी लेखकाचा कागद हातात धरून मोठ्याने वाचायचं आणि मी समोर बसून प्रुफावर नजर फिरवायची. स्वल्पविरामसुद्धा म्हणायचा, पूर्णविरामसुद्धा, पण आवाजात भावना आणायची नाही. भावना आली की माझं चुकांवरचं लक्ष उडतं, म्हणून हा नियम माझाच. अकरा वर्षं बाईंनी तो पाळला. भांडणं, खून, प्रेमपत्रं, सगळं त्या किराण्याची यादी वाचावी तसं वाचत. नवरा गेल्यावर पंधरा दिवसांनी कामावर आल्या, तेव्हाही तसंच वाचलं.

मला मात्र मत देण्याची भारी खोड. विशेषांकाची पानं वाढली की संपादक विचारायचे, "यातली कुठली गाळू?" मी प्रुफाच्या डोक्यावर तांबड्या पेन्सिलीने शेरा मारायचो आणि ती गोष्ट गळायची. आपल्या शब्दाला वजन आहे म्हणून छाती फुगवून हिंडायचो. आज आठवलं तरी शरम वाटते.

एका वर्षी एक अद्भुत कथा आली होती. टंकलेली, खाली कुणा अनोळखी बाईचं नाव. एका गावात मेलेल्यांना वर्षातून एक दुपार घरी यायची मुभा असते, पण आपण मेलोय हे त्यांना आठवत नाही. नायिकेचा नवरा येतो. ते कळून त्याला ओशाळं वाटू नये म्हणून ती रडत नाही. रोजच्यासारखी कुरकुर करते आणि त्याला गळका नळ दुरुस्त करायला बसवते.

माझी बायको जाऊन तेव्हा दोन वर्षं झाली होती. नळाशी वाकलेल्या त्या माणसापाशी मला प्रुफावरची अक्षरं दिसेनाशी झाली. पण शेजारी जुळारी अक्षरांचे शिशाचे खिळे ओळीत लावत उभे. त्यांच्यासमोर डोळे पुसायचे? मी मोठ्याने म्हणालो, "मेल्यावरही बायको नळच दुरुस्त करायला लावणार असेल, तर मरण्यात फायदा काय?"

जुळारी खो खो हसले. मग मला चेवच चढला. दर परिच्छेदाला एक टोमणा हाणला. बाई हसणं ओसरेपर्यंत थांबायच्या आणि पुढे वाचायच्या. शेवटी मी शेरा लिहिला : "पोरकट. छापू नये."

दुसऱ्या दिवशी शब्दकोश उचलला, तर त्याखाली त्या गोष्टीच्या मूळप्रतीचं पाचवं पान. वाचायला बसण्याआधी एका शब्दाचा अर्थ पाहायला मीच ते बाजूला काढलं होतं आणि बाईंना द्यायचं विसरलो होतो. पाचवं पान म्हणजे नळाचं. आणि बाईंनी तर ते अख्खं वाचलं होतं, एकही विराम न चुकवता. कागद हातात नसताना.

म्हणजे गोष्टीखालचं ते अनोळखी नाव टोपणनाव होतं. तसाच संपादकांकडे धावलो. "ती गोष्ट घ्या. माझं चुकलं."

"आता? सकाळीच जुळणी सोडली, खिळे परत खणात गेले, प्रूफही रद्दीत. अन् कालपर्यंत पोरकट होती ना?"



परत येऊन मी ते पान बाईंपुढे ठेवलं. त्यांनी शांतपणे त्याचे चार तुकडे केले आणि टोपलीत टाकले.

"बाकीचं कालच फाडलं," त्या म्हणाल्या.

"बाई, कुठल्या तोंडानं बोलू?"

"अहो, त्यात काय एवढं? वाचणाऱ्याला नाही आवडली, विषय संपला."

"आवडली होती हो," मी खाली मान घालून म्हणालो. "नळापाशी रडू फुटत होतं मला. सगळे बघतील म्हणून तसलं काहीतरी बोललो."

बाईंनी टोपली पायानं टेबलाखाली सारली. मला तिथून पळून जावंसं वाटत होतं.

"तुम्हाला पाठ आहे ना सगळी? पुन्हा लिहा. या वेळी मी स्वतः संपादकांना सांगतो."

"पाठ आहे," बाई म्हणाल्या. "काल रात्रभर मनात म्हणून पाहिली. पण आता तो नळाशी वाकला की मला तुमचा विनोद ऐकू येतो."