काकड्याआधीचा पंप

बिलोलीच्या अलीकडे सात किलोमीटरवर, रस्त्याला लागून एक गाव आहे. कोजागरी झाली की महिनाभर त्या गावात कुणी मोबाइलवर गजर लावत नाही. पहाटे पाचला मारुतीच्या देवळावरचा कर्णा खरखरतो, टाळ दोनदा वाजतात आणि मग कस्तुराबाईंचा आवाज गावभर पसरतो. त्या आवाजावर म्हशी उठून उभ्या राहतात, पोरं कूस बदलतात, घराघरांत चहाची पातेली चढतात. काकडा देवाला उठवायचा म्हणतात, पण उठतं ते गाव.

कस्तुराबाई बासष्ट वर्षांच्या. बुटक्या, अंगानं भरलेल्या, चालताना जरा डुलणाऱ्या. सासूबाई वारल्या तेव्हापासून, म्हणजे बावीस वर्षं, काकड्याची चाल त्याच धरतात. त्यांनी ओळ उचलायची आणि बाकीच्यांनी मागून यायचं. वरच्या पट्टीतली एक ओळ तर त्या एका दमात अशी नेत, की पखवाजवाला हात वर धरून त्यांची वाट बघत बसे. सासूबाईंनी चालींसोबत एक नेमही दिला होता: आरती होईस्तोवर तोंडात काही घालायचं नाही. चहा नाही, पाण्याचा घोट नाही. बावीस वर्षांत ताप आला, पडसं आलं, घरात लगीनघाई आली. नेम मोडला नाही.

तीन वर्षांपूर्वी सोयाबीनच्या मळणीत भुसा उडाला आणि कस्तुराबाईंची छाती भरली ती भरलीच. जिन्याच्या चार पायऱ्या चढल्या की छातीत शिट्टी वाजायची. नवऱ्यानं, व्यंकटरावांनी, त्यांना नांदेडला नेलं. डॉक्टरांनी दमा सांगितला आणि ओढायचा पंप दिला, सकाळी दोनदा, संध्याकाळी दोनदा. घरी आल्यावर व्यंकटरावांनी तो पंप हातात फिरवून बघितला.

"किती एचपीचा हाय गं? तीनचा का पाचचा?"

"तुमच्या बोअरला लावा घेऊन," कस्तुराबाई म्हणाल्या आणि पंप तुरीच्या डाळीच्या डब्यामागं सरकवून दिला. पंप लागला म्हणजे माणूस कामातून गेलं, असं त्यांचं मत. दम फारच लागला तरच काढायच्या, तेही दाराकडं पाठ करून.

त्यांना ताळ्यावर आणलं ते पुढल्या उन्हाळ्यात धम्मप्रिया मॅडमनी. गावच्या आरोग्य उपकेंद्रातली ही तिशीतली पोरगी. गोळ्या तीच द्यायची, छाती तीच तपासायची आणि बुधवार-शनिवार बायकांचे योगासनांचे वर्गही तीच घ्यायची. पहिल्या दिवशी अकरा बायका आल्या. शवासन सांगितलं तर त्यातल्या चार घोरायला लागल्या.

"झोपू द्या मॅडम," लक्ष्मम्मा म्हणाली. "वीस सालात दुपारची पाठ टेकली न्हाई त्यायची."

लक्ष्मम्मा म्हणजे कस्तुराबाईंची शेजारीण. माहेर तेलंगणातलं, बोधनकडचं. इथं येऊन तिला तीस वर्षं झाली तरी रागावली की तेलुगूतच रागावायची. काकड्यात तिची जागा कस्तुराबाईंच्या उजव्या हाताला.

कस्तुराबाईंना वाकण्याबिकण्याच्या आसनांची गोडी लागली नाही. पण भ्रामरी आली आणि त्या खुलल्या. कान झाकून भुंग्यासारखा सूर काढायचा, एवढंच. त्यांनी तो असा लावला की बाकीच्या बायका कानावरची बोटं काढून ऐकत बसल्या आणि औषधाच्या रांगेतले दोघे खिडकीशी आले.

"काकू, हे भजन न्हाई, व्यायाम हाय," धम्मप्रिया हसून म्हणाली.

"मंग काय बेसूर करू का माय?"

पण त्याच हसण्या-बोलण्यात धम्मप्रियानं पंप डब्यामागून बाहेर काढायला लावला. ओढायचा कसा, ओढल्यावर दहा आकडे श्वास धरायचा कसा, नंतर चूळ भरून का टाकायची, सगळं तिनं समोर बसून करून घेतलं. दहा आकडे धरणं कस्तुराबाईंना खेळच. त्या पंधरा धरायच्या आणि मॅडमकडं बघायच्या. रोज पंप, रोज सकाळी ओसरीवर बसून अनुलोम-विलोम आणि भ्रामरी. पोळ्यापर्यंत छातीतली शिट्टी बंद झाली. आख्खा जिना चढून त्या गच्चीवर धुणं वाळत घालू लागल्या आणि तिथूनच लक्ष्मम्माला हाका मारू लागल्या. तिथून दिसतेय का मी, म्हणून.

अन् मग कोजागरी आली.

आता गंमत बघा. काकड्यापूर्वी तोंडात काही घालायचं नाही. मग पंप कसा ओढायचा? तो तर तोंडातच घालायचा. आरती होईपर्यंत साडेसहा वाजायचे, पुढं धारा, झाडलोट, सोयाबीनच्या मळणीवरच्या गड्यांचा स्वयंपाक. सकाळचा पंप राहू लागला. चार दिवस काही झालं नाही, तसा कस्तुराबाईंना धीर आला. त्यांनी संध्याकाळचाही सोडून दिला.

"श्वास तर म्या रोज करून राहिले," त्या व्यंकटरावांना म्हणाल्या. "योग हाय, वरून देवाचं नाव हाय. आता पंप कशाला?"

व्यंकटरावांनी टोपी घातली आणि रानाकडं निघाले. बोलून उपयोग नसतो, हे त्यांना चाळीस वर्षांच्या संसारात कळलं होतं.

नवव्या दिवशी पहाटे गार वारं सुटलं होतं. कुणाच्या तरी रानात पाचट पेटवलं होतं, त्याचा धूर गावावर बसला होता. कस्तुराबाईंनी वरची ओळ उचलली, अर्ध्यावर आल्या, आणि गळ्यात हवाच नाही. पखवाजवाल्याचा हात वर होता तो वरच राहिला. कर्ण्यातून गावभर ऐकू गेली ती फक्त एक लांब शिट्टी आणि खोकला. लक्ष्मम्मानं पटकन ओळ उचलली आणि काकडा कसाबसा पुढं नेला.

आरती झाल्यावर वीणा सांभाळणारे सुदर्शन महाराज जवळ आले. पंचाहत्तरी पार केलेले, हलक्या आवाजाचे गृहस्थ. "कस्तुराबाई, यंदा इसावा घ्या," ते म्हणाले. "लक्ष्मम्मा धरंल चाल."

त्यांनी मायेनंच सांगितलं होतं. पण कस्तुराबाई घरी आल्या त्या ओसरीवर बसूनच राहिल्या. गड्यांच्या भाकरी त्या दिवशी व्यंकटरावांनी शेजारून करून आणल्या. यंदा इसावा म्हणजे पुढल्या साली कोण विचारतं? सासूबाईंनी हात धरून बसवलं ती जागा. तिथून उठायचं म्हणजे त्यांना आपलं नावच कुणी पुसल्यासारखं वाटत होतं.

दहाच्या सुमारास पाशामियाँ आले, खांद्यावर वायरचं भेंडोळं. गावातला मांडव, माईक, कर्णा सगळा त्यांचा. वडिलांच्या काळापासून काकड्याचा कर्णा त्यांच्याच घराकडं. ते रागात होते.

"भाभी, सच बोलो. सकाळी काय झालं? आख्खं गाव मला म्हणून राहिलं, पाशाचा माईक गेला. मी खोलून बघितलं, माईक एकदम फस्क्लास हाय."

"माईक न्हाई गेला पाशाभाई," कस्तुराबाई म्हणाल्या. "म्याच गेले."

मग त्यांनी सगळं सांगितलं. पंप, नेम, तोंड. पाशामियाँ ओसरीच्या कडेला टेकले आणि त्यांचा राग निवळला.

"माझी बीपीची गोळी तुम्हाला ठाऊक हाय. रमजानात पहिल्या साली मी पण तेच केलं. रोजा हाय तर गोळी नक्को, अल्ला देखेगा. सहाव्या दिवशी चक्कर येऊन घरवालीच्या, वहिदाच्या अंगावर पडलो, तिचा हात मोडता मोडता राहिला. मग तिनं मला धरून डॉक्टरकडं नेलं. डॉक्टर म्हणाले, अरे बाबा, रोजा सोड कोण म्हणालं? मला आधी इचारायचं. त्यायनं गोळी बदलली, येळ बदलली. सहरीला, पहाटं खाताना, एक घेतो, दिवसभर खुश. रोजाबी झाला, गोळीबी झाली."

"तुमचं बरं हाय. आमच्या नेमाला सहरी कुठाय?"

"ते मला काय इचारता? तुमच्या महाराजांना इचारा," पाशामियाँ उठले. "पण जाता जाता चार लोकांना सांगा, माईक चांगला हाय म्हणून."

कस्तुराबाईंनी पदर खोचला आणि आधी गाठलं ते उपकेंद्र. धम्मप्रियानं छाती तपासली, बोटाला चिमटा लावून ऑक्सिजन बघितला, नांदेडच्या डॉक्टरांना फोन केला. पंप आजपासून पुन्हा दोन्ही वेळा चालू. आठ-दहा दिवस वर गायचं नाही, धुरात बसायचं नाही.

"काकू, योग पंपाच्या जागी न्हाई. पंपासंगं हाय," ती म्हणाली. "छाती सुजलेली असली तर नुसता श्वास घेऊन सूज उतरंल का? भ्रामरी करा, देवाचं नाव घ्या, सगळं करा. माझी आई बी रोज बुद्धइहारात जाऊन बसती, तिला बरं वाटतं, मी कधी नको म्हणले का? पण शुगरची गोळी चुकली तर मी तिच्याशी बोलत न्हाई."

"तोंडाचं काय करू पण?"

"ते तुमचं तुम्ही बघा," धम्मप्रिया म्हणाली. "मी नेम मोडा म्हणणार न्हाई. पण पंप पायजे."

तिथून कस्तुराबाई थेट देवळात. सुदर्शन महाराज पायरीवर वात वळत बसले होते, लक्ष्मम्मा अंगण झाडत होती. कस्तुराबाईंनी उभ्यानंच विचारलं, "महाराज, पंप ओढला तर तोंड उष्टं होतं का?"

महाराजांनी वात खाली ठेवली. मग इकडंतिकडं बघून खाली मान घालून म्हणाले, "कस्तुराबाई, खरं सांगू का? मी घरून कपभर चहा पिऊनच निघतो."

"काय?"

"सून देती. पहाटंचा गारठा असतो... पंधराएक वर्षं झाली."

लक्ष्मम्माचा झाडू थांबला. "म्या दोन कप पेते," ती म्हणाली. "एमी अक्का, असं काय बघतीस? कुणी सांगितलंच न्हाई मला. पखवाजवाला तर पोहे खाऊन येतो."

कस्तुराबाई पायरीवर बसल्या. बावीस वर्षं त्या एकट्याच कोरड्या घशानं गात होत्या! आधी त्यांना राग आला. मग महाराजांचा ओशाळलेला चेहरा दिसला, लक्ष्मम्माचे गोल झालेले डोळे दिसले, आणि त्यांना असं हसू फुटलं की हसता हसता खोकला आला आणि लक्ष्मम्मानं पाठ चोळली.

"मंग उद्यापासून चहा पिऊन या," महाराज सुटकेनं म्हणाले.

"न्हाई महाराज. तुमचं तुमच्यापाशी," कस्तुराबाई डोळे पुसत म्हणाल्या. "माझ्या सासूनं मला दिलाय, माझा मी पाळीन."

घरी जाताना त्या विचार करत चालल्या होत्या आणि पाण्याच्या टाकीपाशी मधेच थांबल्या. उठल्या उठल्या तोंड पारोसंच असतं. पारोशा तोंडाला कसला आलाय नेम? डोळे उघडले की आधी पंप ओढायचा, दहा आकडे धरायचे. मग दात घासायचे, खळखळून चूळ भरायची, मग अंघोळ. औषध छातीत, तोंड धुतलेलं, आणि देवळात जायचं ते सोवळ्यानं. चूळ भरायला तर मॅडमच सांगते! इतकं सोपं होतं तर. त्या तशाच मागं वळल्या आणि धम्मप्रियाला सांगून आल्या. धम्मप्रियानं कपाळाला हात लावला. पुढल्या शनिवारी तिनं सगळ्या बायकांना हेच सांगितलं, पंप दात घासायच्या आधी, म्हणजे विसरत नाही. कस्तुराबाई पहिल्या रांगेत ताठ बसून होत्या.

पुढचे दहा-बारा दिवस काकड्याला त्या गेल्या, पण टाळापुरत्या. चाल लक्ष्मम्मानं धरली. ती बरी गायची. फक्त एक कडवं संपवून दुसरं उचलताना गडबडायची. तेव्हा कस्तुराबाई टाळाच्या आडून हळूच शब्द पुरवायच्या. गावात कुणी म्हणे, "यंदा देव जरा उशिरा उठून राहिला." ते ऐकून लक्ष्मम्मा दोन दिवस त्या माणसाशी बोलली नाही.

एकविसाव्या दिवसापासून कस्तुराबाईंनी खालच्या पट्टीत साथ धरली. छाती साथ देत होती. तरी वरच्या ओळीच्या वेळी त्या गप्प बसत. ती ओळ पुन्हा कर्ण्यातून तुटली तर, या विचारानं त्या टाळच जरा मोठ्यानं वाजवत.

कार्तिकी पौर्णिमेला समाप्ती. देऊळ भरलेलं, बाहेर मांडव. सुदर्शन महाराजांनी वीणा छेडली आणि लक्ष्मम्माकडं बघितलं. लक्ष्मम्मानं माईक उचलून कस्तुराबाईंच्या मांडीवर ठेवला.

"धर अक्का. मी आज चहाबी पिली न्हाई तुझ्यापायी, माझ्यात ताकद न्हाई."

"तुटली तर?"

"तुटली तर मी हाय की बाजूला. कुठं पळून चालले का?"

कस्तुराबाईंनी डोळे मिटले. पहिल्या दोन ओळी सरळ गेल्या. मग ती ओळ आली. पूर्वी ती एका दमात जायची. आज त्यांनी मुद्दाम मध्यावर थांबा घेतला. नाकानं, सावकाश, बुधवार-शनिवारी शिकल्या होत्या तसा श्वास भरला, आणि जिथं सोडली होती तिथूनच ओळ उचलून वर नेली. पखवाजाची थाप बरोब्बर त्यांच्या टोकावर पडली. मधला श्वास मांडवात कुणाच्या लक्षात आला असेल तर तो एकट्या लक्ष्मम्माच्या, आणि ती गालात हसत टाळ वाजवत होती.

महाराजांनी आरतीचं तबक उचललं. आता पुढं जायला हवं होतं. पण कस्तुराबाईंनी हातानंच त्यांना थांबवलं, पुन्हा एकदा श्वास भरला आणि काही गरज नसताना तीच ओळ परत घेतली.