कोंबड्यांच्या पंगतीत

गावातल्या आयांना लेकरांना काय खाऊ घालावं हे मी शिकवत होते, त्याच वर्षी माझी स्वतःची लेक माझ्याशिवाय दुसरं काहीही खात नव्हती. वर्ष पूर्ण झालं होतं तिचं. भात दाखवला की तोंड फिरवायची, भाकरी दुधात कुस्करून दिली की थुंकायची आणि पदर दिसला की दोन्ही हात पसरायची.

कर्नाटकातल्या खजुरीच्या अलीकडे आमचं गाव. मी तिथल्या अंगणवाडीची टीचर. अंगणवाडी आमच्या विहाराच्या खोलीत भरायची, कारण दुसऱ्या कुणी जागा दिली नव्हती. सुरुवातीला वरच्या आळीतल्या बायांना विहाराची पायरी चढायला फार जड जायचं. सरकारी पिठाची लापशी शिजायला लागली आणि त्यांचे पाय आपोआप हलके झाले.

शिकवायला मला चित्रांचा एक मोठा तक्ता दिला होता. चित्रांखालची अक्षरं कन्नड, समोरच्या बाया मराठी, आणि चित्रातलं बाळ इतकं गुबगुबीत की ते आमच्या तालुक्यातलं नाही हे कुणालाही कळावं. एक दिवस मी तक्ता टांगून सांगत होते, "सहा महिन्यांनंतर नुसत्या आईच्या दुधावर भागत न्हाई. वरण, कण्या, पपई, अंडं, सगळं थोडं थोडं..." इतक्यात माझी लेक रांगत आली, माझ्या मांडीवर चढली आणि भर सभेत पदर ओढून प्यायला लागली.

समोर बसलेली धनगराची अक्का म्हणाली, "टीचर, त्या तक्त्यावरलंच द्या की तिला!"

बाया खोखो हसल्या. मीही हसले. सरकारी कामात तेवढं करावंच लागतं.

घरी सल्लागारांची काही कमी नव्हती. माझे मालक मराठी शाळेत मास्तर. शिकलेला माणूस, त्यांनी तालुक्याच्या आळंदहून बाळाच्या आहाराचा एक डबा आणला. लेकीला तो अतिशय आवडला. चमच्याने ती तो दिवसभर वाजवायची. आतली पावडर मात्र तिने जिभेला लावून घेतली नाही. मग मालकच रोज चहाबरोबर ती "चाखून बघू" लागले आणि महिनाभर चाखून त्यांनी डबा रिकामा केला. तब्येत सुधारली, पण त्यांची.

आत्याबाईंचा, म्हणजे माझ्या सासूचा, उपाय कोरफडीचा. "लाव गं कडू. दोन दिसात सुटतंय," म्हणाल्या. लावलं. लेकीने पहिल्या घोटाला तोंड वाकडं केलं, माझ्याकडे एकदा बघितलं आणि तोंडी लावणं असावं तसं पुढे चालू ठेवलं. माझ्या हाताचा कडूपणा मात्र जाता जाईना. त्या दिवशी मी थापलेली भाकरी खाताना मालक म्हणाले, "आज ज्वारी कामून कडू लागायलीय?" आत्याबाईंनी त्यांना आणखी एक वाढली.

हे सगळं आता हसत सांगते. तेव्हा हसू येत नव्हतं. तिच्या मांड्या माझ्या मनगटाएवढ्या दिसायच्या. वजनकाट्यावर दुसऱ्यांची लेकरं मी स्वतः ठेवायची आणि तिची पाळी आली की काटा नीट लागला नाही असं म्हणून पुन्हा ठेवायची. मलाही उठताना डोळ्यांपुढे अंधारी यायची. ती तासातासाला प्यायची, रडू नये म्हणून मी तासातासाला पाजायची, आणि मग हिला भूक कशी लागत नाही म्हणून काळजी करायची. तक्त्यावर याचं चित्र नव्हतं.

अशात गुलबर्ग्याहून अंगणवाडी तपासायला मॅडम आल्या. इस्त्रीची साडी, गोड आवाज. बायांसमोर लेकराला भरवून दाखवा म्हणाल्या. जवळचं लेकरू माझंच. मी लापशीचा घास तिच्या तोंडात घातला. तिने तो क्षणभर धरून ठेवला, मॅडम कौतुकाने पुढे वाकल्या, आणि तिने सगळा घास त्यांच्या निऱ्यांवर सोडला.

"ऊटा माडताळेनु?" साडी झटकत मॅडमनी विचारलं. जेवते का ही?

आत्याबाई दारातच उभ्या होत्या. मराठीइतकंच कन्नडही त्यांना येतं. शांतपणे म्हणाल्या, "ताईन्न तिंताळे." आईला खाते.

मॅडमनी काही लिहून घेतलं नाही, हे त्यांचे उपकार.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी भाकऱ्या करत होते. लेक अंगणात. आत्याबाईंनी रात्रीच्या उरलेल्या कण्या एका फुटक्या परातीत कोंबडीच्या पिलांना टाकल्या. थोड्या वेळाने बाहेर आले तर माझी लेक परातीशी बसली होती. एका बाजूला कोंबडी, भोवती पिलं, आणि ही मुठीने कण्या तोंडात कोंबत होती. कोंबडीने तिच्या हाताला टोच मारली. ही किंचाळली. मला वाटलं आता माझ्याकडे येणार. ती आली नाही. तिने दुसऱ्या हाताने आणखी मोठी मूठ भरली.

मी ओरडत धावले. आत्याबाईंनी माझा दंड धरला.

"कामून ओरडायलीस? खायली की!"

"आत्या, कोंबड्यांचं उष्टं हाय ते!"

"मग धुतलेली परात आण. उभी काय ऱ्हायलीस?"

आणली. त्यात ताज्या मऊ कण्या, वर तुरीचं घट्ट वरण, थोडा शेंगदाण्याचा बारीक कूट. फुटकी परात शेजारीच कोंबड्यांना ठेवली आणि आत्याबाई मध्ये केरसुणी घेऊन बसल्या. लेक एक डोळा कोंबडीवर ठेवून भराभर खायची. कोंबडी जवळ आली की परात पोटाशी ओढायची. आम्ही तिघं मोठी माणसं इतके महिने हातापाया पडत होतो, आणि तिला हवी होती हिसकावून घेणारी.

लगेच सगळं सुरळीत झालं असं नाही. पाऊस असला, कोंबड्या खुराड्यात असल्या की बाईसाहेबांचा उपास. पण खाण्याआधी पाजायचं नाही, खाल्ल्यावर पाजायचं, एवढं मी रडणं ऐकूनही पाळलं. हळूहळू पपई आली, शेवग्याचा पाला घालून कुस्करलेली भाजी आली. उकडलेलं अंडंही ती कोंबडीसमोरच बसून खायची. कोंबडीने काही तक्रार केली नाही. कडेवर घेतलं की कंबर दुखायला लागली, आणि ते दुखणं मी कुणालाही सांगितलं नाही, नजर लागेल म्हणून. मालकांनी शाळेत सांगितलं की डब्याचा गुण आला.

एका दुपारी मी नेहमीसारखी भिंतीला टेकून बसले आणि पदर बाजूला केला. लेक भाकरीचा तुकडा वरणात बुडवत होती. तिने बघितलं, आणि पुन्हा तुकडा बुडवला. इतके दिवस मी याचीच वाट बघत होते. तरी मी तिला एकदा हाक मारली. तिने तुकडा तोंडात घातला. मी पदर सारखा केला.

"आता तू बी जेव," आत्याबाई म्हणाल्या.

मी ताट वाढून घेतलं. कितीतरी महिन्यांनी मांडी मोकळी होती, गरम भाकरी गरमच खाल्ली. वांग्यात मीठ भलतंच पडलं होतं. भाजी मीच केली होती, म्हणून कुणाला काही बोलता आलं नाही.