दात कुठल्या हाताने घासलेस?

बेसबॉलमध्ये चेंडू फेकणाऱ्या पिचरची जातच लबाड! "हात दुखतोय का रे?" असं विचारलं की सगळे एका सुरात "छे, कोच, ठणठणीत!" म्हणणार. म्हणून हार्लो गावच्या संघाच्या कोच डोरीन व्हिटलॉकने तो प्रश्न विचारणंच सोडलं होतं. सरावाला आलेल्या पोराला ती सहज विचारायची, "काय रे, आज दात कुठल्या हाताने घासलेस?" उजव्या हाताने फेकणारं पोरगं "डाव्या" म्हणालं, की चेंडू काढून घ्यायची आणि आठवडाभर नुसतं पळायला लावायची.

बाकीच्यांना चेंडूआधी टॉवेल देऊन तो चेंडू फेकल्यासारखा झटकायला लावायची. "जोर पायातून येऊ दे, गाढवा! हात काय, मागून येतोच." आया हसायच्या, म्हणायच्या, हिच्या पोरांकडून कपडे वाळत घालून घ्यावेत. बाप कुरकुरायचे. पण पोरांचे खांदे-कोपरं शाबूत राहायची, म्हणून तिला काढून टाकावं असंही कुणाला वाटत नसे.

जुलैतल्या त्या शनिवारी एमेट रस्क चेंडू टाकत होता. सोळा वर्षांचा, कानापर्यंत हसणारा, डोरीनचा सगळ्यांत लाडका. समोरच्या संघाला सहा डावांत त्याने एकही हिट, म्हणजे तळ गाठता येईल असा एकही फटका, मिळू दिला नव्हता. राहिला शेवटचा, सातवा; तोही असाच गेला तर गावात वर्षानुवर्षं त्याचं नाव निघणार होतं. अशा वेळी पिचरशी कुणी बोलत नाही, त्याच्या शेजारी बसत नाही. बोललं की दृष्ट लागलीच म्हणून समजा. एमेट बाकाच्या टोकाला एकटा बसला होता आणि पोरं त्याच्याकडे बघायचंही टाळत होती.

डोरीन मात्र बघत होती. त्याचं कोपर खांद्याच्या खाली यायला लागलं होतं. फेकून झालं की तो बोटं झटकत होता. बोलावं तर गाव फाडून खाईल, न बोलावं तर पोराचा हात जाईल.

सातव्या डावात बाद करायचा एकच गडी राहिला, तेव्हा तिला राहवेना. ती उठली आणि तडक मैदानात गेली.

"डोरीन, बस खाली!" एमेटचा बाप लॉइल कुंपणापलीकडून ओरडला. "वेड लागलंय का तुला?"

"कोच, बोलू नका ना," एमेट कुजबुजला. "एकच राहिलाय."

"दात कुठल्या हाताने घासलेस?"

त्याचे डोळे भरून आले. "घासलेच नाहीत. तुम्ही विचारणार माहीत होतं. तुमच्याशी खोटं बोलवत नाही मला."

"लबाडा!" ती म्हणाली. तिने हात पुढे केला आणि त्याने चेंडू तिच्या तळव्यावर ठेवला.

नव्या पिचरच्या दुसऱ्याच चेंडूवर हिट बसली. सामना हार्लोनेच जिंकला, पण टाळ्या वाजवायला कुणाचे हात उठले नाहीत.

"माझ्या पोराचा दिवस नासवलास तू!" लॉइल कुंपण धरून ओरडत होता. "असा दिवस परत येतो का गं? सांग ना!" डोरीन चेंडू गोळा करत राहिली. तिला काय ती हिट हवी होती?

एमेट पाठ फिरवून बाकावर बसला होता. बराच वेळ त्याची नुसती धडपड चालली होती.

"कोच," तो शेवटी म्हणाला. "शर्ट निघत नाहीये. कोपर सरळच होत नाही."

लॉइलने कुंपणावरचे हात काढले.

डोरीनने पिशवी खाली टाकली. तान्ह्या बाळाचं झबलं काढावं तशी तिने आधी चांगल्या हाताची बाही काढली, मग शर्ट डोक्यावरून, आणि अगदी सावकाश दुखऱ्या हाताची. कोपर टम्म सुजलं होतं. लॉइल कुंपणाचं फाटक उघडून आत आला. तो पोरापुढे गुडघ्यांवर बसला आणि त्याच्या बुटांच्या नाड्या सोडायला लागला.